चढतं पाणी

इब्री शास्त्रात माणसाच्या गर्वाला जो शब्द आहे, तोच यार्देन नदीच्या चढत्या पाण्यालाही आहे. शब्द आहे गाओन. नीतिसूत्रांच्या सोळाव्या अध्यायात नाशाच्या पुढे चालतो तो गाओन, आणि यिर्मयाच्या बाराव्या अध्यायात यार्देनेच्या काठी ज्याची भीती घातली आहे तोही गाओनच. तांबड्या समुद्रातून पार झाल्यावर मोशे आणि इस्राएल लोक जे गीत गातात, त्यात देवाच्या थोरवीलाही हाच शब्द लावला आहे. पाप, पूर आणि देवाची थोरवी या तिन्हींना एकच नाव. वचन सांगायला उभं राहणाऱ्यानं याचा उलगडा केला पाहिजे असं मला फार वर्षांपासून वाटत आलं आहे. आमच्याकडे गर्वावर उपदेश पुष्कळ होतात, आणि त्यातले बरेचसे नको त्या माणसांच्या डोक्यावर जाऊन आदळतात.

मी भंडाऱ्याचा. पाटबंधारे खात्यात नदीची पातळी वाचून वहीत लिहिणं हे माझं काम होतं. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. रविवारी पाळक खेड्यातल्या मंडळ्यांकडे गेले की उपासनेत वचन सांगायला मला उभं करत. नागपूरला 1845 मध्ये आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांच्या स्कॉटिश मिशनचं काम पुढे भंडाऱ्यापर्यंत पोचलं, आणि त्याच ओघात माझे आजोबा ख्रिस्ती झाले. इब्री मुळाक्षरं मला एका म्हाताऱ्या पाळकांनी शिकवली. शब्दकोश उघडून एकेका शब्दाचा माग काढायची सवयही त्यांनीच लावली. मराठी माणसाला इब्री फार लांबची वाटते, पण तिचं व्याकरण मराठीतून 1832 सालीच छापलं गेलं होतं. जॉन विल्सन यांनी ते मुंबईत बेने इस्राएलांसाठी तयार केलं. हे कोकणातले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं, आणि त्यांच्या घरात बोली होती ती मराठीच.

गाओनचं मूळ गाआ, म्हणजे वर चढणं. गर्वाचा काही संबंध नाही अशा ठिकाणीही हे क्रियापद येतं. यहेज्केलाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं. एक पुरुष हातात मापाची दोरी घेऊन हजार हजार हात मोजतो आणि दर मोजणीला संदेष्ट्याला पाण्यातून नेतो. आधी पाणी घोट्याला लागतं, मग गुडघ्याला, मग कमरेला. चौथ्या मोजणीला ती नदी झालेली असते, पोहल्याशिवाय पार होता येत नाही, कारण पाणी चढलेलं असतं. तिथं हेच क्रियापद आहे, आणि त्या पाण्यात पाप काडीइतकंही नाही. ते जिथं जातं तिथं मासे होतात, काठावर दर महिन्याला फळणारी झाडं उभी राहतात, त्यांच्या पानांचं औषध होतं. ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायात देव समुद्राला दारं आणि अडसर घालतो आणि त्याच्या लाटांना हद्द आखून देतो; त्या लाटांच्या उसळण्यालाही नाव गाओनच. आज इस्राएलात बोलल्या जाणाऱ्या इब्रीत समुद्राच्या भरतीला गेऊत म्हणतात. तो शब्दही याच घरचा.

मी वाचत असे ते चढतं पाणी वैनगंगेचं. भंडाऱ्याजवळ कारध्याला तिची धोक्याची पातळी 245.50 मीटर, समुद्रसपाटीपासून धरलेली. मोजपट्टीवर पांढऱ्यावर काळे आकडे असतात. पावसाळ्यात नदी वाढायला लागली की तासातासाला नोंद घ्यायची. रात्री बॅटरीचा झोत पट्टीवर टाकला तरी आकडा लगेच सापडत नाही, कारण पाणी एका रेघेवर उभं राहत नाही. लाट वर येते, दोन आकडे झाकते, परत खाली जाते. थोडा वेळ बघत राहायचं, वरचं टोक आणि खालचं टोक मनात धरायचं आणि मधला आकडा लिहायचा. त्याच्यापुढे नदी चढती आहे की उतरती तेही लिहायचं. नुसत्या आकड्यावरून काठच्या माणसाला काही कळत नाही. त्याला हवं असतं ते हे, की पाणी चढतंय का उतरतंय, आणि चढत असेल तर ते कुठून येतंय.

वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. बालाघाट, गोंदिया करत ती आमच्याकडे येते. त्यामुळे इथं कधी कधी असं होतं, की वर ऊन पडलेलं असतं, धानाच्या बांधीत रोवणं चाललेलं असतं, आणि नदी मात्र बघता बघता फुगते. एका म्हाताऱ्या ढिवराचं बोलणं माझ्या कानात बसलं आहे. तो डोंगा वर ओढून बांधत होता आणि मला म्हणाला, "आपल्या इथं ठिपूस नाही पडला जी, पन नदी पाहा कशी आली. वरतं पडला असन." ऑगस्ट 2020 च्या शेवटी हेच मोठ्या प्रमाणावर झालं. वरच्या अंगाला मुसळधार पाऊस झाला, सिवनीच्या संजय सरोवर धरणाचे दरवाजे उघडले, भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. खाली गोसीखुर्द धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले आणि तेच पाणी पुढे ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या गावांवर गेलं. कारध्याला नदीची उंची वाढली खरी, पण त्या उंचीत कारध्याचं काय होतं?

गर्वाचा अर्थ मला इथं लागायला सुरुवात झाली. चढलेलं पाणी हे नेहमी वरून आलेलं पाणी असतं. नदीनं स्वतः काही चढवलेलं नसतं. अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना हेच बजावतो, शब्द दुसरा असला तरी. तुम्ही पोटभर जेवाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं आणि सोनंनाणं वाढेल, तेव्हा तुमचं मन उंचावेल आणि हे सगळं आपल्याच मनगटाच्या जोरावर मिळवलं असं म्हणाल, ही त्याची धास्ती. तो संपत्तीला नावं ठेवत नाही. चाळीस वर्षं रानात मान्ना खाऊन जगलेल्या लोकांना तो एवढंच सांगतो, की उगम विसरू नका.

मराठीला हे सगळं ओळखीचंच आहे. नदी फुगते आणि माणूसही फुगतो. पाणी चढतं, आणि वर चढून बसलेल्याला आपण चढेल म्हणतो. रान माजतं तसा माणूस माजतो. या शेवटच्या शब्दामुळे यार्देनेच्या गाओनचा एक जुना वाद मला फारसा वाद वाटेनासा झाला. यिर्मया स्वतःच्याच गावचे लोक जिवावर उठल्यानं कातावलेला असतो, दुष्टांचं सगळं सुरळीत का चालतं असं देवाला विचारतो. देव त्याचं सांत्वन करत नाही. आत्ताची तुझी शर्यत पायी धावणाऱ्यांशी आहे, पुढे घोड्यांशी आहे, असं सांगतो. आणि मोकळ्या, निर्धास्त मुलखातच तू डळमळलास तर यार्देनेच्या गाओनात तुझं कसं व्हायचं, असं विचारतो. काही भाष्यकार इथं पूर असा अर्थ घेतात. काही काठची दाट झाडी असा घेतात, कारण याच पुस्तकात पुढे त्या गाओनातून सिंह वर येतो. यहोशवाच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलं आहे की कापणीच्या दिवसांत यार्देन दोन्ही थड्या भरून वाहते. जिथवर पाणी चढतं तिथवर गाळ बसतो, गाळावर रान माजतं, रानात जनावर दडतं. नदीकाठी जन्म काढलेल्याला यातलं एक दुसऱ्यापासून तोडून घ्यावं असं वाटणार नाही.

पूर म्हटला की मराठी मनात तुकोबांचा महापुराचा अभंग येणारच. मोठी झाडं वाहून जातात आणि लव्हाळा टिकतो, हे त्यांचं म्हणणं घराघरात पोचलेलं आहे. मीही ते उपदेशात सांगत असे. पण ईयोबाच्या आठव्या अध्यायात लव्हाळ्याचीच एक दुसरी बाजू येते. ईयोबाचा मित्र बिल्दद विचारतो की दलदल नसेल तर लव्हाळा उंच वाढेल का, आणि या 'उंच वाढण्या'ला त्यानं गाआ हेच क्रियापद वापरलं आहे. कापायचीही वेळ आलेली नसते, अजून हिरवा असतो, आणि पाणी हटलं की इतर सगळ्या गवताच्या आधी तो सुकतो. बिल्ददाचं ईयोबावरचं अनुमान खोटं होतं, देवच पुढे त्याला तसं सुनावतो. पण गवताबद्दलचं त्याचं निरीक्षण खरं आहे. वैनगंगेच्या काठी उन्हाळ्यात ते बघायला मिळतं. तुकोबांचा लव्हाळा वाकतो म्हणून वाचतो. बिल्ददाचा लव्हाळा ज्या पाण्यावर वाढला ते विसरला तर उभ्या उभ्या वाळतो. नम्रतेसाठी मला ही दोन्ही वचनं जवळजवळ ठेवून वाचायला आवडतात. वाकणं हा तिचा एक भाग झाला. आपली मुळं कुठल्या पाण्यात आहेत हे माहीत असणं हा दुसरा भाग आहे, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा.

आता सदोम नगरीकडे येतो. सदोम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच पाप उभं राहतं. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात मात्र सदोमाचा दोष नाव घेऊन सांगितला आहे, आणि त्यात पहिला शब्द आहे गाओन. त्याच्या मागोमाग भाकरीची रेलचेल येते, मग निश्चिंत सुख, आणि शेवटी हे की तिनं दीनदुबळ्यांचा हात धरला नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. गर्व मनात असतो असं आम्ही धरून चालतो. अमक्याच्या मनात गर्व आहे, तमक्याच्या बोलण्यात अहंकार आहे, असं आपण सतत एकमेकांना तपासत असतो. संदेष्टा मनात डोकावत नाही. तो कोठीत बघतो आणि दारात बघतो. कोठीत धान्य किती आहे, आणि दारात आलेल्या माणसाचं काय झालं.

आमचा जिल्हा तलावांचा. कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव अजून धानाला पाणी देतात. सरकारदरबारी त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोक मामा तलाव म्हणतात. ज्यानं तलाव बांधला त्यानं पाळीइतकंच लक्ष सांडव्यावर दिलेलं असतं. तलाव भरावा म्हणूनच तो बांधलेला असतो, भरण्यात काही वाईट नाही. पण भरल्यावर जास्तीचं पाणी सांडव्यावरून खालच्या बांध्यांत गेलं पाहिजे. सांडवा बुजवून पाणी कोंडलं तर पाळ फुटते, आणि मग ज्या बांध्या त्या पाण्यावर जगायच्या त्याच आधी बुडतात. सदोमाचं हे असं झालं. यहेज्केल तिच्या समृद्धीवर रागावलेला नाही, सांडवा बुजवला म्हणून रागावला आहे. आमोसाच्या आठव्या अध्यायातले व्यापारीही याच जातीचे. सण कधी संपतो आणि धान्य विकायला कधी काढतो असं त्यांना झालेलं असतं. पायली लहान आणि वजन जड करून ते मापात पाप करतात, गव्हाबरोबर भुसकट विकतात, जोड्याच्या किमतीत गरिबाला विकत घेतात. त्याच्या पुढच्याच वचनात याकोबाच्या गाओनचा उल्लेख येतो. तुमसरच्या धानबाजारात ज्यांचं धान तोललं गेलं आहे त्यांना आमोसाचं भाष्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथवर आलं की एक प्रश्न उभा राहतो, आणि खरं तर याच प्रश्नासाठी मी लिहायला बसलो. गर्वाचा उपदेश आजवर झाला कुणाला?

माझ्या आजोबांच्या लहानपणी महारवाड्यातला कुणी धुतलेलं धोतर नेसून, पायात जोडा घालून मालगुजाराच्या वाड्यासमोरून गेला तर माज आला म्हणत. पोरगं शाळेत बसलं तरी माज, मेलेलं ढोर ओढायला नकार दिला तरी माज. हा शब्द त्यांनी इतका ऐकला होता, की म्हातारपणीही कुणी तो उच्चारला तर त्यांचे हात थांबायचे. पुढे ते चर्चमध्ये आले आणि तिथंही गर्व टाका, नम्र व्हा असाच उपदेश झाला. ज्यानं जन्मभर पाठ वाकवूनच काढली त्याला आणखी किती वाकवायचं? मे 1954 मध्ये भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि हरले. दोनच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. आमच्या नात्यातली किती तरी घरं त्या वाटेनं गेली. आमचं घर ख्रिस्ती राहिलं. पण त्या दिवशी ज्या माना वर झाल्या त्यांना गर्विष्ठ म्हणण्याचा अधिकार कुठल्याही पाळकाला नव्हता, आणि मला तर नव्हताच नव्हता.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा प्रश्न फार टोकदार झालेला दिसतो. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन. रमाबाई प्रश्न विचारत. चर्च सांगतं म्हणून मानायचं हे त्यांना पटेना. शास्त्र वाचून, विवेकाला विचारून मानीन असं त्या म्हणत. क्रूसावरची अक्षरं लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. त्या मांसाहार करत नव्हत्या, त्यातही जुन्या जातीचा ताठा शोधला गेला. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये म्हणून हिंदुस्थानातल्या बिशपांनी आडकाठी घातली. आणि पत्रांतून त्यांना पुन्हा पुन्हा काय सांगितलं गेलं, तर तुझ्यात गर्व आहे, नम्रता शीक. 1885 मधल्या उत्तरात रमाबाईंचा आशय स्पष्ट आहे: एका पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टानं मानेवरून काढलं आहे, आता दुसऱ्याचं घेणार नाही. ही पत्रं पुढे छापली गेली. जेराल्डिन वाईट बाई नव्हती, तिचा जीव रमाबाईंवर होता. पण गर्व हा शब्द वरच्या पायरीवरून खालच्या पायरीकडे फेकला गेला की त्याचं काय होतं, हे त्या पत्रांत उघड दिसतं.

त्याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्तिसदनात बसून इब्री आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं. साध्या बायकांना वाचता यावं अशी सोपी मराठी हवी हा त्यांचा ध्यास होता. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, काम तोवर पुरं झालं होतं, आणि 1924 मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं. ज्या बाईला गर्विष्ठ म्हणून दटावलं गेलं, तिच्या हाताखालून गाओन हा शब्द जागोजाग गेला असणार. नीतिसूत्रांतला नाशाच्या पुढे चालणारा गाओन गेला असणार, आणि यशयाच्या साठाव्या अध्यायातलाही. तिथं देव एका नगरीशी बोलतो. तू टाकलेली होतीस, तुझा द्वेष होत होता, तुझ्यातून कुणी जात नव्हतं, आणि आता मी तुला सर्वकाळचा गाओन करीन, असा त्याचा आशय आहे. केडगावात जमलेल्या दुष्काळातल्या मुली, बालविधवा, टाकलेल्या बायका यांच्यामध्ये बसून हे वचन मराठीत आणताना त्यांना काय वाटलं असेल, याचा मी फार विचार करतो.

म्हणजे देव स्वतःच कुणाला तरी गाओन देतो. यशयाच्या चौथ्या अध्यायात नाशातून वाचलेल्यांसाठी भूमीचं पीक हाच गाओन होतो. याकोबाच्या ज्या गाओनचा आमोसाच्या सहाव्या अध्यायात देवाला वीट आला आहे, तोच गाओन सत्तेचाळिसाव्या स्तोत्रात त्याला प्रिय आहे. विद्वानांनी याची उत्तरं निरनिराळी दिली आहेत. पुढच्या काळात बाबेलमधल्या यहुदी विद्यापीठांच्या प्रमुखांनाही गाओन हीच पदवी मिळाली, आणि आजच्या इब्रीत अलौकिक बुद्धीच्या माणसाला गाओन म्हणतात. ज्या परंपरेनं गर्वाला इतकं झोडपलं तिनंच आपल्या गुरूंना हा किताब दिला, याचा अर्थ उंचीशी तिचं वैर नव्हतं.

मग पाप कोणतं आणि थोरवी कोणती, हे ओळखायचं कसं? ईयोबाच्या चाळिसाव्या अध्यायात देव ईयोबाला जवळजवळ आव्हानच देतो: घाल अंगावर गाओन, नेस थोरवी. आणि घातल्यावर करायचं काय, तेही लगेच सांगतो. प्रत्येक गर्विष्ठाला खाली आण, दुष्टांना जागच्या जागी तुडव. देवाच्या लेखी थोरवी म्हणजे हे काम आहे. निर्गमाच्या पंधराव्या अध्यायातली त्याची थोरवीही अशीच दिसते. विटा थापणाऱ्या गुलामांना वाट मिळते आणि रथवाले बुडतात. मीखाच्या पाचव्या अध्यायात येणारा मेंढपाळ देवाच्या नावाच्या गाओनात उभा राहतो आणि कळपाला चारतो. चारणं आणि सोडवणं ही कामं ज्या उंचीतून होतात तिला शास्त्र थोरवी म्हणतं. भाकरीची रेलचेल असून हात आखडते ती उंची सदोमाची. शब्द एकच आहे, कारण पाणीही एकच आहे. मंदिराच्या उंबऱ्याखालून निघून चढलेल्या पाण्यानं माणसांना मासे, फळं आणि औषध दिलं, तेही गाआच होतं.

यावर आमच्या मंडळीतल्या काहींचा आक्षेप आहे, आणि तो मी हलका मानत नाही. ते म्हणतात, असं सांगितलंत तर गरीब माणसाला वाटेल की त्याला गर्वाचं पाप लागतच नाही. तसं मला म्हणायचं नाही. महारवाड्यातही पायऱ्या होत्या, आजही आहेत. आमच्याच लोकांत नोकरी लागलेला भाऊ गावात राहिलेल्या भावाला ओळख देत नाही, शिकलेली सून अडाणी सासूला चारचौघांत गप्प बसवते. नवरा दिवसभर मालकापुढे मान खाली घालतो आणि रात्री घरी आल्यावर बायकोवर हात उचलतो; त्या उंबऱ्याच्या आत सदोमाचा सगळा गाओन असतो. ज्याच्या खाली कुणी तरी आहे, त्याला हा उपदेश लागू आहे. आणि खाली कुणीच नाही असा माणूस मला तरी क्वचितच भेटला आहे. भेटले त्यात बहुतेक बायका होत्या. त्यांना मी गर्वावर काही सांगत नाही. यशयाचा साठावा अध्याय वाचून दाखवतो.

रविवारच्या शाळेत मुलांना नीतिसूत्रांच्या सोळाव्या अध्यायातलं अठरावं वचन पाठ करायला लावायची चाल आहे. गर्वामागून नाश येतो, एवढं पोरांच्या तोंडी बसतं आणि मोठेपणी शेजाऱ्याचं घर बुडालं की तेच तोंडातून बाहेर पडतं. त्याला लागून असलेलं एकोणिसावं वचन कुणी पाठ करून घेत नाही. त्यात सांगितलं आहे की गर्विष्ठांबरोबर लूट वाटून घेण्यापेक्षा दीनांबरोबर नमून राहणं बरं. इब्री प्रतींत त्या ठिकाणी लिहिलेला शब्द दीन, गरीब असा आहे, आणि वाचताना तो नम्र असा वाचायची रीत आहे. समासात तशी नोंद असते. मी मुलांना दोन्ही सांगतो. लूट हा शब्द तर जास्तच नीट सांगतो, कारण गर्विष्ठ कोण हे त्या वचनात त्यांच्या चेहऱ्यावरून ठरलेलं नाही, त्यांच्यामध्ये काय वाटलं जातंय त्यावरून ठरलेलं आहे. मागे एका मुलीनं विचारलं, "लूट म्हंजे कोनाची, जी?" मी तिला आमोसाचा आठवा अध्याय काढून दिला आणि वर्गापुढे मोठ्यानं वाचायला सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे ही दोन वचनं एकत्रच पाठ होतात, आणि तिसरं म्हणून आमोस वाचला जातो.